ज्याने केलं त्याचे हात झडोत

सोमवार, ३

आज कंबरेने उठू दिलं. महिनाभर उताणा पडून छत बघितलेल्या माणसाला आधी काय बघावंसं वाटेल? मला गाडी बघायची होती. भिंतीला धरत धरत अंगणात गेलो आणि बघतो तर काय, माझ्या गाडीला देवी आलेल्या! सगळ्या काचांवर पांढरे ठिपके. ठिपक्याला ठिपका चिकटलेला, प्रत्येकाभोवती कडं. बोटाने घासलं, निघेना. नखाने खरवडलं, निघेना. थुंकी लावून बघितली. ओली होती तोवर ठिपका गायब, वाळली की पुन्हा हजर, आमच्या छापखान्यातल्या मुकादमासारखा.

नोकरी संपल्यावर घेतलेली गाडी. जुनीच घेतली, पण माझ्याकडे आल्यापासून तिला एक ओरखडा माहीत नाही. झोपल्या झोपल्याही माझा जीव तिच्यातच होता. बायकोला रोज विचारायचो, गाडीवर धूळ बसली असेल ना गं? ती म्हणायची, नाही हो, झोपा तुम्ही.

आज डोकं फिरलं ते फिरलंच. अंगणात उभा राहून ओरडलो. सगळं लिहीत नाही, मुलीच्या हाती ही डायरी पडली तर लाज जायची. पण शेवटी म्हणालो, "ज्याने माझ्या गाडीवर हे पाणी मारलंय त्याचे हात झडोत! कोपरापासून झडोत!" मुद्दाम कुंपणाकडे तोंड करून म्हणालो. हे कोणाचं काम ते सांगायला ज्योतिषी नको. कुंपणापलीकडे झारीवाला राहतो. मी ठेवलेलं नाव. दिवसभर बागेत झारी घेऊन फिरतो. हल्ली तर त्याने गरगर फिरणारं कारंजं बसवलंय. पाणी बोअरचं, इतकं जड की त्यात साबणाला फेस येत नाही.

ओरडून वळलो तर बायको मागे चहाचा कप घेऊन उभी. काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं तिने. मग मिटलं, कप पायरीवर ठेवला आणि आत गेली. चहा निवला. निवलेला चहा प्यायलो, तोही रागानेच.

मंगळवार, ४

आज चष्मा लावून नीट तपासणी केली. शाळा सातवीत सुटली, पण बाइंडर म्हणून इतकी छापील पानं दुमडली की डाग बघून तो शाईचा, खळीचा की मालकाच्या चहाचा हे मी सांगायचो. तर तपासणीत काय दिसलं?

टपावर एकही ठिपका नाही. नुसती धूळ, बोटाने नाव लिहावं इतकी. पुढच्या मोठ्या काचेच्या मधोमध उभा पट्टाही तसाच धुळकट, तिथेही ठिपके नाहीत. म्हणजे माणूस किती पोचलेला बघा! टपावर मारलं नाही, मध्ये मारलं नाही, नेम धरून बरोबर कडेकडेने मारलं. कारंजं हा नुसता बहाणा. हा पाइप हातात घेऊन उभा राहत असणार, मी आजारी पडल्याचा फायदा घेऊन.

बायकोला हाक मारली, हे बघ म्हणून. आतूनच म्हणाली, "मला काय दाखवता? मी बघितलंय."

"बघितलं होतंस तर सांगायचं नाही?"

"तुम्हाला काही दिसत नाही," ती म्हणाली.

आता चष्मा लावून तर बघत होतो! सगळं जग उलटं बोलायला लागलंय.

गुरुवार, ६

बायको मुलीकडे गेली. मुलगी पुलापलीकडे राहते, जावई येऊन घेऊन गेला. चार दिवस जाऊन येते म्हणाली. चार दिवसांसाठी मोठी बॅग कशाला ते कळलं नाही. औषधांचा डबाही अख्खा नेला. मुलीला काही अडचण असेल आणि मला काळजी नको म्हणून सांगत नसतील. आता न सांगितल्याची काळजी करतोय.

जाताना मी म्हटलं, "गाडी स्वच्छ झाली की मीच येतो न्यायला. असल्या गाडीतून तुला आणायचं म्हणजे शोभा."

"हो," ती म्हणाली. "आधी ती स्वच्छ करा."

जरा बरं वाटलं. निदान त्या डागांचं तिलाही वाईट वाटतंय.

जावई मात्र माझ्याकडे न बघता बॅग उचलत होता. त्याच्या गाडीच्या काचा लख्ख. सगळ्यांच्याच लख्ख असतात.

संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढले. जुना पिवळा फडका सापडला, वाळून पत्र्यासारखा कडक झालेला, वर पांढरी पूड. कशाचा फडका देव जाणे. ती आल्यावर विचारीन.

शुक्रवार, ७

साबण लावला, काही नाही. ओल्या वर्तमानपत्राने घासलं. माझे हात काळे झाले, काच तशीच. लिंबू चोळलं. डोळ्यात उडालं.

झारीवाला कुंपणावरून म्हणाला, "बाइंडरसाहेब, कंबर कशी आहे?"

काडी लावायची आणि वर विचारायचं, धूर लागला का.

रविवार, ९

मुलीला फोन केला. तिला असल्या गोष्टी माहीत असतात. म्हणाली, "बाबा, व्हिनेगर घ्या, तेवढंच पाणी घाला. गाडी सावलीत लावा. फडका त्यात भिजवून काचेवर चिकटवून ठेवा आणि विसरून जा. घासू नका. भिजू द्या."

"किती वेळ?"

"जेवून या निवांत."

"निवांत कसा जेवू? फडका पडला खाली तर?"

"पडला तर पुन्हा चिकटवा. पण घासू नका, बाबा. तुम्ही घासता. सगळ्यालाच घासता."

हे शेवटचं कशाला म्हणाली कळलं नाही. म्हटलं, आईला दे फोन. ती आत गेली, परत आली. "आई म्हणते, फोन धरता येत नाही. तिचे हात झडलेत."

मी घाबरलो. तिचा खांदा मागेही एकदा धरला होता. म्हटलं, गरम पाण्याने शेका, दुर्लक्ष करू नका, डॉक्टरला दाखवा, झोपताना हाताखाली उशी द्या. मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही खरंच..." आणि फोन बंद. रेंज गेली असेल.

व्हिनेगर आणलं. फडका लावला. उभ्या उभ्या जेवलो, ताट टपावर ठेवून. मन लागेना. फडका उचलून बघितलं, पुन्हा लावला, पुन्हा उचलला. शेवटी घासलं. थोडे गेले, बरेच राहिले. तिचे हात कशाने दुखत असतील? घरात जड काम असं काही नव्हतं.

सोमवार, १०

आज जे झालं ते लिहायचं नव्हतं. लिहितो.

सकाळी न्हाणीघरातली ॲसिडची बाटली दिसली. फरशीवरचे पांढरे डाग त्याने निघतात, मग काचेवरचे का नाही निघणार? ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेपासून सुरुवात केली. उग्र वाफ आली, मी खोकत मागे सरलो. परत गेलो तोवर ओघळ दारावर उतरला होता आणि जिथे उतरला तिथला रंग विटला. काचेखालचं रबर पांढरं पडलं. काच धुतली, वाळली, आणि ठिपके होते तिथे होतेच, वर सगळी काच दुधाळ. त्यातून पलीकडचं झाड म्हणजे नुसती हिरवी सावली.

जिला ओरखडा माहीत नव्हता ती माझी गाडी.

ॲसिड मी लावलं, मान्य. पण ती वेळ आणली कोणी? बाइंडिंगची सुरी अजून माझ्या पेटीत आहे. ती काढली, कुंपणाच्या फटीतून हात घातला आणि झारीवाल्याचा पाइप कापला. एका दमात. हात अजून शाबूत आहे म्हणायचा. कारंजं फिरता फिरता मान टाकून बसलं. बघून फार बरं वाटलं.

बरं वाटणं चहापर्यंत टिकलं. त्याने तक्रार केली तर? या वयात?

बुधवार, १२

झारीवाला दारात आला, हातात पाइपाचा तुकडा. मी आधीच म्हणालो, "पुरावा काय?"

"हाच," तो म्हणाला. "असा पट्टी लावून मारल्यासारखा सरळ काप या गल्लीत दुसरं कोण मारणार? कौतुक करायला आलोय."

भांडायला कंबर कसून उभा होतो, म्हणजे जेवढी कसता येते तेवढी, आणि हा हसतोय. मी म्हटलं, "तुम्ही माझ्या काचांची वाट लावलीत."

तो गाडीकडे गेला. सगळ्या बाजूंनी बघितली. ॲसिडच्या काचेपाशी थबकला. मग विचारलं, "वहिनी कधी येणार?"

"गाडी स्वच्छ झाली की."

"त्या म्हणाल्या असं?"

"मीच म्हणालो. ती हो म्हणाली."

त्याने डोकं खाजवलं. "मग मला काही बोलता येत नाही. बोलायचं नाही असं सांगितलंय मला."

"कोणी?"

"ज्यांनी सांगितलं त्यांनी."

गेला. चोर तो चोर आणि वर कोडी घालतो. दुपारी बघितलं तर पाइप तुटल्यामुळे झारीनेच एकेका झाडाला पाणी घालत होता. वाकत होता, कंबर धरत होता. त्यालाही कंबर आहे तर. मी खिडकी लावून घेतली.

बायकोचा फोन नाही. चार दिवस कधीच झाले.

शनिवार, १५

गाडी सावलीत घेतली. पुढच्या काचेवर व्हिनेगरचा फडका लावला, घासायला हात उचलला आणि कंबरेत अशी उसण भरली की पायरीवर बसलो तो बसलोच. उठता येईना, हाक मारायला घरात कोणी नाही. फडका तिकडे, मी इकडे. नाइलाजाने भिजू दिलं.

पायरीवरून, म्हणजे खालून आणि तिरपं, ती काच मी आजवर कधी बघितली नव्हती. ऊन आडवं येत होतं. आणि मला ठिपक्यांच्या मागे फराटे दिसले. फडक्याचे फराटे. अर्धगोल, एकात एक, डावीकडून काही, उजवीकडून काही, आणि दोन्हीकडचे मधल्या धुळीच्या पट्ट्यापाशी येऊन संपलेले. कारंज्याला फडका नसतो. हे कोणीतरी धुतलं होतं, अर्धवट पुसलं होतं आणि उन्हात वाळू दिलं होतं. आणि त्या माणसाचा हात तिथवरच पोचत होता.

कसाबसा उठलो. जाऊन माझा हात लावून बघितला. मी सहज पट्टा ओलांडून पलीकडे जातो. झारीवाला ताडमाड, तो तर टप ओलांडून जाईल. मग एवढ्या तोकड्या हाताचं कोण?

घरात गेलो आणि तो पिवळा फडका आणला. काचेवर धरला. फराट्याची रुंदी आणि फडक्याची घडी सारखी. घडी तीच, एकदा उभी, एकदा आडवी. या घरात तशी घडी एकच माणूस घालतो. माझ्या खांद्याला लागत नाही उंचीने.

कंबर विसरून कुंपणापाशी गेलो. झारीवाला म्हणाला, "कळलं?"

"कधी धुवायची ती?"

"रोज. तुम्ही दुपारी झोपलात की. तुमचं ते 'धूळ बसली असेल, धूळ बसली असेल' आम्हाला भिंतीतून ऐकू यायचं, मग त्यांना तर येणारच. म्हणायच्या, धुतली म्हणजे मला खोटं बोलावं लागत नाही. सांगू नका म्हणाल्या, नाहीतर उठून बसतील आणि कसं धुवायचं ते शिकवतील."

"पाणी कुठलं?"

"माझ्या नळाचं."

"आमच्या अंगणात नळ असताना?"

"तो तुमच्या उशाशी येतो," तो म्हणाला. "बादली भरताना वाजतो."

मी कुंपण धरून उभा राहिलो. मग मला राग आला. असा आला की तसा पहिल्या दिवशीही आला नव्हता. म्हणालो, "म्हणजे पाणी तुमचंच होतं!"

"हो, पाणी माझंच."

"मग मी पहिल्या दिवसापासून दुसरं काय म्हणत होतो?"

तो हसायला लागला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्याचा राग आला. तिचाही आला. भर दुपारच्या उन्हात, ते गुडघे घेऊन, कुंपणाला वळसा घालून भरलेली बादली आणायची, आणि कशासाठी? सांगायला काय झालं होतं? मग चहाचा कप घेऊन ती मागे उभी होती ते आठवलं. उघडलेलं तोंड आठवलं. हात झडलेत म्हणाली तेव्हा मी उशी द्यायला सांगितली होती तेही आठवलं.

नुसतं हात म्हणून थांबलो असतो तर. कोपरापासून कशाला म्हणालो?

फडका काढला तेव्हा काचेवर एक ठिपका नव्हता.

रविवार, १६

आज एकेक काच केली. फडका लावायचा, पायरीवर बसायचं, मग गोड्या पाण्याने धुवायचं, कोरडं पुसायचं. बसणं सगळ्यात अवघड. हात आपोआप उठतात, मी ते मांडीखाली दाबून बसलो होतो. सगळ्या काचा निघाल्या. तिच्या बाजूची तर अशी की काच आहे की नाही कळू नये.

ॲसिडची राहिली. ती डागाळलेली नाही, खाल्ली गेलीय. मी खाल्ली.

झारीवाल्याला पाइपाचा जोड आणून दिला. माफी मागितली नाही. त्याने मागायला लावलीही नाही, त्याचाही राग आला.

मंगळवार, १८

पुलापलीकडे गेलो. माझ्या बाजूची काच खाली करूनच चालवावी लागली, नाहीतर उजवीकडचं दिसत नाही. वाटेत एक वाक्य पाठ केलं होतं. ते इथे लिहीत नाही, कारण वापरलं गेलं नाही.

मुलीने दार उघडलं. बायको आत भाजी चिरत बसली होती, चांगली भराभर. मला बघितलं आणि सुरी खाली ठेवून दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"आई, बाबा आलेत," मुलगी म्हणाली.

"कळलं. हॉर्न वाजवला की अख्ख्या गल्लीला कळतं."

"गाडी स्वच्छ झाली," मी म्हणालो. एवढंच निघालं तोंडातून.

"आणि हात?"

"अगं, मला काय माहीत..."

"नव्हतंच माहीत. म्हणून तर गळा काढून ओरडलात."

"तू सांगायचंस ना!"

"सांगायला तोंड उघडलं," ती म्हणाली, "तोवर तुम्ही कोपरापर्यंत पोचला होतात."

जावई एकदम स्वयंपाकघरात गेला. तिथून खोकल्यासारखा आवाज आला. मी म्हणालो, "उशाशी नळ वाजेल म्हणून तिकडून पाणी आणलंस. वाजू द्यायचा होता. मी काय मेलो असतो?"

"झारीवाल्यांनी सांगितलं वाटतं."

"फराट्यांवरून कळलं. तुझी घडी ओळखली मी. दहा जणांत ओळखीन."

तिने एकदम माझ्याकडे बघितलं. या अख्ख्या भेटीत पहिल्यांदाच. मग हात पुढे घेतले आणि बॅग भरायला उठली. बॅग भरताना मला दहा गोष्टी बोलली, त्यातल्या नऊ खऱ्या होत्या. दहावी माझ्या आईबद्दल होती.

खाली आलो. तिने गाडीला एक फेरी मारली. तिच्या बाजूच्या काचेवर बोट फिरवलं. माझ्या बाजूला येऊन थांबली. मी काच वर करून ठेवली होती, ती करायला नको होती.

"ही?"

"ॲसिड लावलं."

"कोणी?"

"मी."

"मग म्हणा की."

"काय?"

"तेच. ज्याने केलं त्याचे..."

वर गॅलरीत मुलगी आणि जावई उभे. रस्त्यावर माणसं. मी म्हटलं, घरी जाऊन म्हणतो. ती म्हणाली, "अंगणात मोठ्याने म्हणता येतं, मग रस्त्यात का नाही?" मला राग आला, पण या वेळी कुठे तोंड करून ओरडावं तेच कळेना. म्हणालो, "ज्याने माझी ही काच घालवली त्याचे हात..."

तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. भाजीचा वास होता हाताला.

"पुरे," ती म्हणाली. "मग गाडी कोण चालवणार?"

बसली. मी म्हटलं पट्टा लाव. ती हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिली. "माझे झडलेत," म्हणाली. मग मीच वाकलो, पट्टा ओढला, कंबरेत कळ आली आणि मी असा ओरडलो की गॅलरीतून मुलगी "काय झालं?" म्हणाली.

"काही नाही," बायको म्हणाली. "तुझे बाबा बरे झाले."

बुधवार, १९

सकाळी झारीवाल्याचं कारंजं पुन्हा सुरू. नव्या जोडाने जोर वाढलाय. बघत होतो तेवढ्यात दोन थेंब कुंपण ओलांडून आले आणि माझ्या मागच्या काचेवर बसले. माझ्या डोळ्यांदेखत! या वेळी पुरावा होता. मी छाती भरून श्वास घेतला.

बायको खिडकीत उभी होती. भांडं पुसत होती, कोपरापर्यंत बाह्या वर करून.

श्वास सोडला. दोरीवरून पिवळा फडका घेतला आणि थेंब ओले होते तोवर पुसून टाकले. राग मात्र दुपारपर्यंत गेला नाही.